बाहेर कोण सांगतं?

पाचव्या प्रश्नापर्यंत नूतनचं सगळं नीट चाललं होतं. नाव लिहिलं, वय लिहिलं, शिक्षण बारावी लिहिलं, सध्याचं काम म्हणून 'सोनोग्राफी सेंटरमध्ये नावनोंदणी' असं लिहिलं, आणि मग मोबाइलवर पाचवा प्रश्न आला. 'तुमच्या स्वतःच्या बाळंतपणात तुमच्यासोबत आत कोण होतं? आत कोण असायला हवं होतं?' खाली रिकामी चौकट. चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती. नूतननं 'आई' असं लिहिलं. मग तिला आठवलं, आई तर तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. आपण खोटं लिहिलं हे तिला कळलं, पण खोटं कोणाशी बोललो ते कळेना. कोर्सचा हा फॉर्म पाठवणारी नागपूरची बाई तर तिला ओळखतही नव्हती. तिनं शब्द खोडला. रेघ पुन्हा लुकलुकायला लागली. काउंटरच्या पलीकडे पंधरा बायका पाणी पिऊन, लघवी दाबून बसल्या होत्या, आणि त्यांतली एक कळवळून म्हणाली, "दीदी, अठरा नंबर हुआ क्या? अब नहीं रुकता." "बैठो, बुलाते हैं," नूतन म्हणाली आणि मोबाइल उपडा ठेवला. उपडा ठेवला तरी ती रेघ खाली लुकलुकतेच आहे, असं तिला दिवसभर वाटत राहिलं.

सुरुवात अगदी साधी होती. महिन्याभरापूर्वी याच काउंटरवर तिरोड्याकडची एक बाई आली होती. नवरा गाडी लावायला गेला तो गेलाच. बाईचे दिवस भरत आलेले. नाव सांगता सांगता तिला कळ आली आणि तिनं काउंटरवरून हात घालून नूतनचं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली. आतून कोणी आलं नाही. बाकीच्या बायका बघत होत्या, पण आपला नंबर जाईल म्हणून जागची कोणी हलत नव्हती. नूतननंही काही केलं नाही. हात सोडवून घेतला नाही, एवढंच. कळ आली, गेली, आली, गेली. मग नवरा आला, रिक्षा आली, आणि जाता जाता ती बाई म्हणाली, "तुमी नर्स आहा का?" नूतन म्हणाली, "नाही." "मंग कोन?" बाईनं विचारलं, आणि उत्तर न घेताच रिक्षात बसली. मनगटावर नखांचे चार चंद्र आठ दिवस राहिले. भांडी घासताना चुरचुरायचे. नूतनला वाटायचं, ते जाऊ नयेत. मग वाटायचं, हे काय खूळ.

त्या 'मंग कोन?'च्या पाठी लागून ती मोबाइलवर शोधत गेली आणि तिला डूला हा शब्द सापडला. डूला म्हणजे बाळंतपणात बाईसोबत राहणारी. ती औषध देत नाही, तपासत नाही, नाळ कापत नाही. नुसती सोबत राहते. नूतनला आधी हसू आलं. सोबत राहण्याचा कोर्स! उद्या श्वास घेण्याचाही काढतील. आणि खाली पाहिलं तर श्वास घेण्याचाही होताच. मग हसता हसता तिला राग आला. कारण जिला असा कोर्स लागत नव्हता अशी एक बाई तिला ठाऊक होती, आणि त्या बाईला नूतननं काय केलं होतं तेही तिला ठाऊक होतं. तिनं मोबाइल ठेवला. दुसऱ्या दिवशी परत उघडला.

'दर्जेदार कोर्स कसा निवडावा' याचीही एक यादी तिथं होती. शिकवणारी स्वतः किती बाळंतपणांत बसली आहे ते विचारा. शिकणारीला खरोखरच्या बाळंतपणात बसवतात का ते विचारा. कोर्स संपल्यावर अडलं तर फोन कोण उचलतं ते विचारा. असे दहा मुद्दे. नूतननं ते सेंटरच्या जुन्या पावतीबुकाच्या पाठीवर उतरवून घेतले आणि शाळेत निबंधाचे मुद्दे पाठ करायचो तसे पाठ केले. दोन कोर्स उरले. एक चार रविवारांचा, घरी बसून मोबाइलवर. त्याच्या जाहिरातीत समुद्रकिनारी पांढरे झगे घातलेल्या बायका आपापल्या पोटावर हात ठेवून हसत होत्या. एवढं पोट घेऊन वाळूत अनवाणी कोण जातं, असं नूतनला वाटलं, पण प्रमाणपत्र झकास होतं, सोनेरी काठाचं, आणि त्यावर 'आंतरराष्ट्रीय' असं होतं. त्यांची काउन्सेलर दिवसातून तीनदा फोन करायची. दुसरा कोर्स नागपूरच्या गीताबाईंचा. सहा महिने. तीन बाळंतपणांत बसायचं, आणि त्या तिन्हींत तोंडातून शब्द काढायचा नाही. जाहिरात नाही, समुद्र नाही. फोन केला तर गीताबाई म्हणाल्या, "फॉर्म भरा. मग बघू." सरकारचा शिक्का दोघींकडेही नव्हता, गीताबाईंनी ते न विचारताच सांगितलं आणि काउन्सेलरनं तिसऱ्यांदा विचारल्यावर. दहा मुद्द्यांनी पाहिलं तर गीताबाई पुढे होत्या. पण गीताबाईंच्या फॉर्ममध्ये पाचवा प्रश्न होता. समुद्रवाल्यांच्या फॉर्ममध्ये फक्त नाव, नंबर आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' एवढंच होतं. काय चांगलं? दर्जा म्हणजे नेमकं काय? जो कोर्स तुमच्या जखमेला हात लावत नाही तो की जो पहिल्या दिवशीच बोट घालतो तो?

नवऱ्याला, स्वप्निलला, तिनं जेवताना सांगितलं. तो जिल्हा परिषदेत लिपिक. शांत माणूस, घरात आवाज चढवत नाही. त्यानं घास चावून संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हंजे सुईण?"

"सुईण नाही. डूला."

"नाळ कापत नाही एवढाच फरक ना?" मग तो म्हणाला, "माझ्या आजीनं ते काम सोडलं होतं, नूतन. धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. पाटलाच्या घरून बोलावणं आलं तर आजोबा दारात उभे राहिले, का आता नाही येणार म्हणून. त्याच्यापायी त्यांना दोन वर्षं शेतात कोणी काम दिलं नाही. दोन पिढ्या गेल्या ते दार सोडायला. आणि तू प्रमाणपत्र घेऊन परत त्याच दारात जाऊन राहिली?"

सासू, सुमनबाई, वाटी पुसत म्हणाल्या, "इंग्रजी नाव ठेवलं म्हंजे काम बदलते का वं बाई?"

 भांडण असतं तर नूतननं भांडून घेतलं असतं. पण स्वप्निल खरं बोलत होता आणि खऱ्याशी कसं भांडायचं? समुद्रवाल्या बायकांना कोणी असं विचारत नसेल. त्यांच्या आज्यांना मागच्या दारानं कोणी नेलं नव्हतं. म्हणून त्या पांढरे झगे घालून हसू शकतात आणि हेच काम 'आंतरराष्ट्रीय' होतं. नूतननं केलं की ते परत जातीचं काम होणार. त्या रात्रीच्या ताटात तिला तोच भात उष्टा वाटायला लागला, आणि हा राग स्वप्निलवर आहे, समुद्रावर आहे की स्वतःवर, हे काही केल्या ठरेना.

कारण ती बिनकोर्साची बाई. रुख्मा. नूतनच्या आईची थोरली बहीण, म्हणून नूतनची मोठीमाय. सौंदडला राहते. साऱ्या नातेवाइकांनी ते काम सोडलं, रुख्मानं सोडलं नाही. समाजाच्या बैठकीत तिला उभं करून विचारलं होतं, कायले जाते तू त्यांच्या घरी? रुख्मा म्हणाली होती, "मी त्यांच्या घरी जात नाही, बाईजवळ जातो." लोकांना हे पटलं नाही. शेतकऱ्यांच्या घरी तिला मागच्या दारानं घेत, पोर तिच्या हातावर पडे, आणि ती गेली की तीच खोली शेणानं सारवून, पाणी शिंपडून शुद्ध करत. लहानपणी नूतन एकदा तिच्यासोबत गेली होती तेव्हा तिनं ते शिंपडणं वळून पाहिलं होतं. रुख्मानं पाहिलं नाही. ती पुढं चालत राहिली, पदराचं टोक झटकत.

पदराचं टोक. रुख्माची एक रीत होती, तिच्या सासूकडून आलेली. बाळंतपणाच्या घरी पाय ठेवला की ती त्या घरचं मूठभर धान, म्हणजे टरफलासकट तांदूळ, मागायची. अडलेल्या बाईचा हात त्याला लावायची आणि धान स्वतःच्या पदराला बांधायची. मग घरातल्या बाकी सगळ्या गाठी सोडायच्या. बाईचे केस, पोत्यांची तोंडं, दाराची कडी, बाजेची सैल दोरीसुद्धा. सगळं मोकळं, एक सुईणीच्या पदराची गाठ तेवढी पक्की. पोर रडलं की रुख्मा उंबऱ्यावर यायची, बाहेर बसलेल्यांना मोठ्यानं सांगायची, झालं, रडलं, आणि त्यांच्यादेखत गाठ सोडायची. तोवर बाळंतपण झालं असं धरायचं नाही. तोवर सुईणीनं जेवायचं नाही, जागा सोडायची नाही. नूतनला लहानपणी ही जादू वाटायची. बारावीत गेल्यावर लाज वाटायला लागली. गोंदियाला लग्न होऊन आल्यावर तर मोठीमाय काय करते हे तिनं सासरी नीट सांगितलंच नाही. शेती करते म्हणाली.

आणि नऊ वर्षांपूर्वी तिचे स्वतःचे दिवस भरले. रेल्वेलाइनीपलीकडे एक नर्सिंग होम होतं; आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. रुख्मा सौंदडहून पहिल्या गाडीनं आली होती. घरी आल्या आल्या तिनं धान मागितलं. सुमनबाईंनी पिशवीतला तांदूळ पुढं केला. रुख्मा म्हणाली, "तांदूळ नोको बाप्पा. तांदूळ उगवते का?" शहरातल्या त्या घरात धान कुठून असणार? मग रुख्मा उठली, दोन गल्ल्या टाकून राइस मिलच्या फाटकाशी गेली, ट्रकमधून सांडलेलं मूठभर धान धुळीतून वेचून घेऊन आली आणि नूतनच्या हातावर ठेवलं. सुमनबाईंनी तोंड फिरवलं. नूतनला तेव्हा एवढी कळ येत होती, आणि त्या कळेतही तिला काय वाटलं असेल तर मेल्याहून मेल्यासारखं. सासूसमोर, नणंदेसमोर, रस्त्यावरचं धान.

नर्सिंग होममध्ये नियम होता, आत एकच बाई. आयाबाई दारात आडवी उभी. एका बाजूला नणंद अल्का, शाळेत शिकवणारी, इस्त्रीची साडी, हातात पाण्याची नवी बाटली. दुसऱ्या बाजूला रुख्मा, पायात स्लीपर, पदराला गाठ. आयाबाईनं रुख्माकडे बोट केलं आणि नूतनला विचारलं, "ये कौन है तुम्हारी?"

"गाववाली," नूतन म्हणाली. "पहचान की है."

मग अल्का आत आली. अल्काचा काय दोष? ती दहा मिनिटं उभी राहिली, मग तिला घेरी आली आणि ती कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली, मोबाइलवर कोणाला तरी "हां, चल रहा है" असं सांगत. नूतनला आठवतं ते एवढंच, की तिच्या हाताला धरायला काही नव्हतं. लोखंडी दांडा होता, पण तो गार होता आणि तो उलटून धरत नव्हता. पोर झालं आणि रडलं नाही. कोणी काही सांगेना. पोराला कापडात गुंडाळून मागच्या दारानं लहान मुलांच्या दवाखान्यात पळवलं, त्याच्यामागे स्वप्निल, सुमनबाई, अल्का, सगळे, आणि थोड्या वेळानं त्याच दारानं नूतनलाही तिकडे नेलं. चार तासांनी पोरगी रडली, ती तिकडे. आज ती रेणू नऊ वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते. रुख्मा त्यानंतर किती वेळा आली, रेणूला मांडीवर घेतलं, तेल लावलं. त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही. नूतन बोलली नाही. नूतनला वाटत आलं होतं, तिनं ऐकलंच नसेल. दारात गोंधळ होता, हिंदीत बोलणं झालं होतं. नऊ वर्षं ती या 'नसेल'वर निजली होती, आणि आता कोण कुठली गीताबाई विचारत होती, आत कोण असायला हवं होतं.

रविवारी दुपारपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं. नूतन सकाळच्या बल्लारशा गाडीत बसली. स्वप्निलला म्हणाली, मोठीमायला भेटून येते. तो म्हणाला, "जा. तिलाच विचार. ती तं खरं बोलन." गाडीत तिला खिडकी मिळाली. बाहेर शेतातल्या बांध्या कापून मोकळ्या झालेल्या, मधूनमधून धानाचे पुंजणे रचलेले. पावतीबुकाचा तो कागद तिनं पर्समधून काढला. दहा मुद्दे. आपण कोर्स निवडायला चाललो आहोत की माफी मागायला? माफी मागायची असेल तर कोर्सचं निमित्त कशाला? आणि कोर्स करायचा असेल तर म्हातारीला विचारायचं काय, तिला कुठं ऑनलाइन कळतं? एकदा वाटलं, समुद्रवाल्यांना आत्ता हो म्हणून टाकावं. चार रविवार, गळ्यात ओळखपत्र, आणि मग दारात आडव्या उभ्या असलेल्या कुठल्याही आयाबाईला ते दाखवायचं. बस. मग वाटलं, तेव्हा रुख्माच्या गळ्यात ते असतं, तर आपण तिला मोठीमाय म्हणालो असतो का? म्हणालो असतो. ओळखपत्राला म्हणालो असतो. हे इतकं किळसवाणं होतं की तिनं खिडकीबाहेर थुंकलं.

रुख्मा अंगणात बसून हरभऱ्याची भाजी निवडत होती. गुडघे गेलेले, म्हणून दोन्ही पाय लांब पसरलेले. आजूबाजूला कोंबड्या. नूतनला पाहून ती म्हणाली, "येकटीच आली? पोरीले काऊन नाही आनली?"

"क्लास आहे तिचा."

"रविवारी कायचा किलास? सुट्टी कवा देता तिले?" मग नूतनकडे निरखून, "तोंड काऊन उतरलं तुयं? भांडली का?"

नूतननं सगळं सांगितलं. मनगटापासून. फक्त पाचवा प्रश्न सांगितला नाही. रुख्मा भाजी निवडत ऐकत होती. दोन कोर्स आहेत हे ऐकून ती हसली, तिचे चार दात दिसले. "बसाचा कोर्स! मंग मी तं मास्तरीन होतो."

"आणि रेणूचे बाबा म्हणतात, आपण सोडलेलं काम आहे ते."

नूतनला वाटलं, आता रुख्मा चिडेल, मग आपल्याला तिची बाजू घेता येईल. रुख्मा म्हणाली, "खरंच म्हनते तो. मी मांगच्या दारानं गेली जलमभर. माया मांगं पानी शिंपडत, मले का दिसत नव्हतं? तू तसं जाशीन तं मी तुया पाय मोडीन."

"म्हणजे करू नको?"

"असं कोठं म्हनली मी?"

"मग काय करू, मोठीमाय?"

"मले का माहीत?" रुख्मानं देठ बाजूला टाकले. एक कोंबडी धावली. "लाव फोन त्यायले. मले येकच इचाराचं आहे."

नूतननं आधी समुद्रवाल्यांना लावला, आवाज मोठा करून. "हाय नूतन मॅम!" काउन्सेलर म्हणाली, "सीट ब्लॉक करू ना? दोनच राहिल्यात." नूतन म्हणाली, माझ्या मावशीला काही विचारायचं आहे. "ऑ, सो स्वीट! बोला आजी."

रुख्मा मोबाइलच्या तोंडाशी वाकून, गावात आरोळी द्यावी तसं ओरडली, "पोर झाल्यावर बाहेर कोन येते सांगाले?"

"सॉरी?"

"बाहेर लोकं बसले राह्यते. त्यायले कोन सांगते?"

"ओके ओके, फॅमिली कम्युनिकेशन!" काउन्सेलर म्हणाली. "ते मॉड्यूल सातमध्ये कव्हर होतं, आजी. व्हिडिओ आहे, सोबत नोट्स. लाइफटाइम अ‍ॅक्सेस."

रुख्मानं हातानं खूण केली, बंद कर. मग गीताबाईंना लावला. त्यांच्याकडे मागे कुकरची शिटी वाजत होती. रुख्मानं तोच प्रश्न केला. गीताबाई म्हणाल्या, "कोण बोलतंय?"

"सौंदडची रुख्मा. नूतनची मोठीमाय."

"सुईण का?"

"होती."

पलीकडे कुकरचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग गीताबाई सावकाश म्हणाल्या, "नाही, बाई. ते आम्ही नाही शिकवत. बाईजवळून हलायचं नाही, एवढं शिकवतो."

"आन बाहेरचे?"

"बाहेरचे बाहेर राहतात." मग त्याच म्हणाल्या, "आमचं चुकतंच आहे ते. मी कधी धरलंच नाही त्यांना." मग एकदम कोरडा आवाज, "नूतन, फॉर्म एक वाजेपर्यंत. पाचवा प्रश्न कोरा ठेवला तर मी घेत नाही." फोन बंद.

नूतनला आता जास्तच कळेना. एकीला सगळं येतं. दुसरीला येत नाही आणि ती तसं सांगते. कागदावरच्या दहा मुद्द्यांत हा मुद्दाच नव्हता. "कोनती बरी?" तिनं विचारलं, तिच्याही नकळत सौंदडच्या बोलीत.

"पयली हुशार आहे," रुख्मा म्हणाली. "तिले इचारलं तेवढं तिनं सांगतलं. दुसरीनं इचार केला. तुले कोनाजवळ बसाचं ते तू पाह्य."

"पण तू हेच काऊन इचारलं?"

रुख्मा भाजी निवडत राहिली. देठ, पान, देठ, पान. आणि नूतनला एकदम ती दुसरी बाजू दिसली. नऊ वर्षं ती दाराच्या आतूनच पाहत आली होती. दांडा, स्टूल, भिंत. दाराच्या बाहेर तिनं एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

"मोठीमाय, त्या दिवशी तुले कोनी सांगतलं होतं का?"

"कोनत्या दिवशी?"

"तुले माहीत आहे कोनत्या."

"नाही," रुख्मा म्हणाली. "सगळे मांगच्या दारानं गेले. मी पुढच्या दारात बसली. दुसऱ्या दिवशी दोनपारी झाडूवाली म्हने, कोनाची वाट पाहून राहिली माय, ते तं कवाच गेले. पोर जितं का मेलं, तिले बी माहीत नव्हतं."

"रात्रभर बसली? न खाता?"

"गाठ बांधली होती ना."

"मी दारात काय म्हणाली ते ऐकलं होतं तू?"

"मले हिंदी येत नाही का? रेलवेच्या साहेबाच्या बायका बी सोडवल्या मी."

"मग गेली काऊन नाही निघून? मी तुले गाववाली म्हणाली. तोंडावर. मी तुले बाहेर ठेवलं."

रुख्मानं पहिल्यांदा हात थांबवले. तिच्या तोंडावर राग होता की काय होतं ते नूतनला वाचता येईना. "तू आत होती ना वं," ती म्हणाली. "तुले का वाटते, कोन का म्हनते ते आयकून सुईन उठते? तसं उठली असती तं ह्या गावात येक पोर झालं नसतं माया हातानं."

नूतनला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. उलट तिला राग आला, या म्हातारीनं नऊ वर्षं काहीच न बोलून आपल्याला किती स्वस्तात सोडलं त्याचा. तिनं मोबाइल घेतला. पावणेएक झाला होता. चौकटीतली रेघ लुकलुकत होती. तिनं लिहिलं: 'आत नणंद होती. माझी मोठीमाय रुख्मा असायला हवी होती. ती दाराबाहेर बसली होती. मी बसवली होती. पोरगी झाली हे तिला कोणी सांगितलं नाही. मी पण नाही.' पुढचे प्रश्न तिनं भरभर भरले, काय भरले तिचं तिलाच आठवलं नसतं, आणि पाठवून दिलं. स्वप्निलला काय सांगायचं ते तिला अजून माहीत नव्हतं. पुढच्या दारानं जायचं म्हणजे कसं जायचं, तेही नाही. हे चुकत असेल तर चुकू दे, असंही तिला वाटलं नाही. नुसतं पाठवलं.

"तुया पदराची गाठ," ती म्हणाली. "मग सोडली कुठं?"

"सोडली कोठं? कोनी सांगतल्याबिगर सुटते का?" रुख्मानं भिंतीकडे मान केली. "लुगडं फाटलं तवा टोक कापून ठेवलं. पेटीत आहे. आन."

पेटीत सगळ्यात खाली, नेलकटर आणि जुन्या चष्म्याच्या घराखाली, हिरव्या लुगड्याचा तो तुकडा होता. सुपारीएवढी गाठ. नूतननं तो आणून रुख्माच्या हातात दिला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती परत घरात गेली, अंधाऱ्या आतल्या खोलीपर्यंत, आणि तिथून वळून उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आपण हे नाटक करतो आहोत असं तिला वाटत होतं. 

"मोठीमाय," ती म्हणाली.  मग मोठ्यानं म्हणाली, "मोठीमाय, झालं. पोरगी झाली."

"रडली का?" रुख्मानं विचारलं. तिची नजर गाठीवर होती.

"रडली. चार तासानं रडली. पन रडली."

रुख्मानं मान डोलावली आणि गाठीला नख लावलं. गाठ दगड झाली होती. नूतन म्हणाली, कातर आणू का. "कातर नोको," रुख्मा खेकसली, "हात धर इकडून." मग दोघींनी, एकीनं इकडून आणि एकीनं तिकडून, चिमटीत धरून ती ओढली, सैल केली, पुन्हा ओढली. बराच वेळ लागला. शेवटी कापड उलगडलं. आत भुसा होता, किड्यांनी पोखरलेलं पीठ आणि पाचसहा फोलपटं.

"येवढ्या उशिरा कोनी सांगते का वं?" रुख्मा म्हणाली आणि फडकं अंगणात झटकलं. कोंबड्या धावत आल्या.